कोल्हापुरात मेटल डिटेक्टरनं जुनी नाणी शोधायची तर हे आधी वाचा

मशिन ऑर्डर करायच्या आधी कायदा बघून घ्या. 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट अजून लागू आहे, जमिनीत दडलेलं 10 रुपयांच्या वरचं काही सापडलं की काय, कुठं, कधी हे सगळं कलेक्टरना लेखी कळवायचं असतंय, आणि लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आता 10 रुपये म्हणजे एकटं चांदीचं नाणंसुद्धा त्यात आलंच की. पन्हाळ्यासारख्या संरक्षित ठिकाणी मशिन काढायचंच नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीकडंपण नको, तिथं 1945-46 ला सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातलं कोल्हापूर उजेडात आलं ते नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी पडलंय हे बघूनच, आपण खड्डा मारला की तो थर कायमचा गेला.

म्हणून माझा नियम एकच, नांगर जातो तेवढ्याच मातीत शोधायचं. ती माती आधीच उलथीपालथी झालेली असते. नांगराच्या खाली सिग्नल गेला की माती परत लोटायची आणि पुढं चालायचं, कितीही मोह झाला तरी.

रान कुणाचंय ते विचारून मालकाची परवानगी घ्या, शक्यतो लिहून, आणि दिवसाढवळ्या त्याला सोबत घेऊनच जा. रात्री बॅटरी घेऊन शिवारात कोण दिसलं की गावात गुप्तधनाची चर्चा सुरू होते आणि मग निस्तरताना नाकी नऊ येतात. वेळ म्हणाल तर ऊस तुटून गेल्यावर खोडवा ठेवायचा नसेल आणि रान नांगरून पडलं असेल तेव्हा, पाऊस सुरू व्हायच्या आत. जुन्या पाणंदीच्या कडेचं रान, विहिरीजवळचं, पूर्वी बाजार भरायचा तिथलं, अशी रानं आधी धरा, माणसांचा राबता जिथं होता तिथंच पैसे पडणार.

आता मशिन. आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यात लोहाचे कण असतात, पन्हाळ्याच्या बाजूला तर जांभा, तो आणखी त्रास देतो. त्यामुळं ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज गाळून टाकायची जुळवणी, करता येणारं मशिनच घ्या, रानात गेल्यावर पहिल्यांदा तेच करा आणि माती बदलली की परत करा. तरीपण कुरकुर करत असेल तर सेन्सिटिव्हिटी कमी करा, लोक ती फुल ठेवतात आणि दिवसभर नुसता आवाज ऐकत बसतात. कॉइल, म्हणजे मशिनच्या टोकाची तबकडी, जमिनीपासून दोन-तीन बोटं वर, सपाट, झाडू मारल्यासारखी शेवटाला वर उचलायची नाही, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी तरी यायला पाहिजे. सावकाश.

घरी सराव करताना हल्लीचा रुपया पुरू नका, तो स्टीलचा, चुंबकाला चिकटतो, मशिन त्याला लोखंडच समजायची शक्यता जास्त. आजीच्या डब्यातला 1943 ते 47 मधला भोकाचा पैसा नाहीतर तांब्याचा पाव आणा घ्या आणि वीतभर खोलीपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी पुरून आवाज कानात बसवा. चांदी आणि तांबं मशिनच्या स्क्रीनवरचा आकडा वर दाखवतात. खरी गोची शिशाची आहे, सातवाहनांच्या काळातल्या कोल्हापूरच्या कुर राजांची धनुष्यबाण असलेली नाणी शिशाची, आणि शिशाचा आकडा बऱ्याचदा बाटलीची झाकणं, अॅल्युमिनियमचे तुकडे यांच्या आसपास येतो. म्हणजे कचरा म्हणून तो भाग डिस्क्रिमिनेशनमध्ये, म्हणजे नको ते धातू वगळायच्या सेटिंगमध्ये, बंद केलात की आपल्या मातीतली ही जुनी नाणीच गाळली जाणार! फक्त लोखंड बंद ठेवा आणि बाकीचं उकरायची तयारी ठेवा, झाकणं निघणारच.

सिग्नल दोन्ही दिशांनी एकसारखा आला की जागा पक्की करा आणि खुरपं सिग्नलवर न मारता थोडं बाजूनं घालून ढेकूळच उचला, खुरप्याचा एक ओरखडा शिवराईवरचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावरचं, 'श्री राजा शिव' कायमचं घालवतो. नाणं दिसलं की उचलायच्या आधी जागेवरच फोटो, लोकेशन ऑन ठेवून, बाजूला पट्टी ठेवून, मग वहीत तारीख, गट नंबर, खोली. कलेक्टरना कळवताना हेच लागतं. खड्डा बुजवा, झाकणं पिशवीत भरून घेऊन या. एकाच जागी तीन-चार नाणी किंवा खापराचा तुकडा लागला तर तिथंच थांबा, माती झाका, तलाठी किंवा पोलीस पाटलांना फोन करा, खाली नाण्यांचं मडकं असलं तर ते स्वतः काढू नका.

आणि घासू नका हो, चिंच नको, लिंबू नको, पितांबरी तर नकोच. तांब्यावरचा हिरवट थर खरवडला की अक्षरंपण जातात. सुटी माती मऊ ब्रशनं काढा, बस्स. शिशाचं नाणं लाकडी कपाटात ठेवू नका, लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफेनं त्यावर पांढरी भुकटी धरते आणि नाणं झिजत जातं, म्हणून कळवून पुढचा आदेश येईपर्यंत ते प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा, हाताळल्यावर हात धुवा.