मोडलेल्या झेडपी सर्कलचा निवडणूक इतिहास कसा शोधावा

आपलं गाव ज्या झेडपी सर्कलमध्ये, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघात होतं, ते सर्कल आज यादीतच नाही, अशी गावं विदर्भात पुष्कळ आहेत. मुख्य गाव नगरपंचायत झालं की ते जिल्हा परिषदेतून बाहेर पडतं आणि उरलेली गावं शेजारच्या सर्कलांत वाटली जातात. कधी फेररचनेतच सर्कल मोडतं. आमदार-खासदारांच्या निवडणुकांचे आकडे कुठेही मिळतात. सर्कलचे आकडे मात्र कुणी जपून ठेवत नाही, आणि गावाचा रस्ता, शाळाखोली, दवाखाना यांचा हिशेब तर तिथल्याच सदस्याकडे असतो. म्हणून हे काम कुणीतरी हाती घ्यायला हवं.

सुरुवात सर्कलच्या नावापासून करू नका, गावांपासून करा. सर्कलला सहसा त्यातल्या मोठ्या गावाचं नाव मिळतं. मोठं गाव बाहेर गेलं की नाव बदलतं, पण गावं बरीचशी तीच राहतात. उलट नाव तेच राहून निम्मी गावं बदललेलीही सापडतात. क्रमांक तर प्रत्येक रचनेत बदलू शकतो. तेव्हा प्रत्येक निवडणुकीच्या वेळची गावांची यादी वेगळी लिहा. खुर्द, बुद्रुक, रिठी (म्हणजे ओसाड गाव) हे शब्द गाळू नका. एका तालुक्यात दोन-तीन पिंपळगाव असले की इथेच घोटाळा होतो. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातली गावं असतील तर जुनं ठिकाण आणि पुनर्वसन, दोन्ही नोंदवा.

मग निवडणुकीची वर्षं मांडा. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. त्याआधी इथे मध्य प्रांताच्या काळातल्या जनपद सभा होत्या. तो धागा वेगळा ठेवा. पुढच्या निवडणुका १९६७, १९७२ आणि १९७९ च्या. त्यानंतर थेट १९९२. मधली तेरा वर्षं कोरी दिसली तर कागद हरवला असं समजू नका. अलीकडे जिल्ह्यांची वर्षंही सारखी नाहीत. अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली इथे २०१७ मध्ये मतदान झालं, भंडारा-गोंदियात २०१५ मध्ये, तर नागपूर, अकोला, वाशीममध्ये २०२० च्या जानेवारीत.

जिल्हा कोणता होता, हेही तपासा. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यापासून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याआधीचे निकाल जुन्या जिल्ह्याच्या दप्तरात शोधा.

कागदासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाची निवडणूक शाखा आणि तहसील गाठा. सदस्यांची नावं शासकीय राजपत्रात आणि जिल्हा परिषदेच्या सभांच्या इतिवृत्तांत मिळतात. तोंडी विचारून जमलं नाही तर माहितीच्या अधिकारात जोडपत्र 'अ' भरा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून 'सर्व माहिती द्या' असं लिहू नका. एक निवडणूक, एक सर्कल आणि तीन कागद मागा: गावांची यादी, आरक्षण, उमेदवारनिहाय मतं. बाद मतांचा आकडाही उतरवून घ्या. विजयाचं अंतर त्याहून कमी निघालं तर ती लढत किती चुरशीची होती ते कळतं.

आरक्षणाचा रकाना सोडलात तर सगळा इतिहास चुकीचा वाचला जाईल. दोनदा निवडून आलेला सदस्य तिसऱ्यांदा दिसत नाही, तेव्हा तो लोकांनी नाकारला असंच नसतं; अनेकदा सर्कल महिलेसाठी किंवा अनुसूचित जमातीसाठी राखीव झालेलं असतं. महिलांचं आरक्षण २०११ च्या दुरुस्तीने निम्म्यावर गेलं, तेव्हा २०१२ पासूनचे निकाल त्या नजरेने पाहा. नागपूर, अकोला, वाशीममध्ये आणखी एक वळण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या निकालानंतर तिथल्या ओबीसी राखीव जागा रिक्त झाल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. म्हणजे एकाच मुदतीत दोन निकाल.

आता जुनी माणसं. पेरणी-वेचणीच्या दिवसांत कास्तकाराला गाठू नका. उन्हाळ्यात निवांत बसा. 'कोणत्या साली?' असं विचारलं तर उत्तर येत नाही. चिन्ह विचारा. 'बैलजोडीवर उभे होते' म्हणाले तर ती काँग्रेस १९६२ किंवा १९६७ ची. 'गाय-वासरू' म्हणाले तर १९७२. 'पंजा' म्हणाले तर १९७९ किंवा नंतरची. पण १९६२, १९६७, १९७२ या तिन्ही वर्षी विधानसभेचीही निवडणूक होती, त्यामुळे आठवणी एकमेकींत मिसळतात. 'मत आमदाराला दिलं की झेडपीला?' हे लगेच विचारून घ्या, आणि विरोधात कोण होतं तेही. कागद आणि आठवण जुळली नाही तर दोन्ही शेजारीशेजारी लिहा, सांगणाऱ्याचं गाव आणि वय टाका. पुढे दुसऱ्या गावचा माणूस तेच सांगेल तेव्हा ती नोंद उपयोगी पडेल.