फोटोओळ लिहायला शिकताना

फोटोओळी, म्हणजे फोटोखालचा मजकूर, लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला ते दुय्यम वाटलं होतं. एका फोटोत एक आजोबा कपाळाशी हात धरून उभे होते. मी लिहिलं, ‘चिंताग्रस्त वृद्ध’. फोटो छापून आल्यावर त्यांच्या मुलीचा फोन आला. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून हात आडवा धरून ते गर्दीत नातीला शोधत होते. फोटोत खोटं काहीच नव्हतं, खोटं मी लिहिलं होतं. आणि ते दोन शब्द वाचल्यावर त्या चेहऱ्यावर दुसरं काही दिसणं अवघड होतं. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी १९६४ साली यालाच जहाजाच्या नांगराची उपमा दिली: चित्राचे अर्थ अनेक, मजकूर त्यातल्या एकाशी वाचकाला बांधून ठेवतो.

त्यामुळे मनःस्थिती सांगणारी विशेषणं मी आधी खोडते. ‘छत्री घेऊन चाललेली मुलगी’ हेही नको, ते दिसतंच आहे. फोटोला सांगता येत नाही ते लिहा: नाव, ठिकाण, तारीख, क्षणभर आधी काय घडलं, चौकटीबाहेर कोण होतं.

हे नंतर आठवून लिहू म्हटलं तर हमखास चुकतं. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मुलांना घेऊन बसलेल्या एका आईचे फोटो काढले. त्यांतला एक जगभर गेला, पण तिचं नाव लँग यांनी विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांसमोर आलं ते १९७८ मध्ये. सोबतच्या टिपणात या कुटुंबाने अन्नासाठी गाडीचे टायर विकल्याचं होतं. आमच्याकडे विकायला टायर नव्हतेच, असं तिच्या मुलाने पुढे सांगितलं. मला तो फोटो फार मोठा वाटतो, म्हणूनच ती ओळ जास्त खुपते.

तेव्हा वही जवळ ठेवा. समोरच्याला नाव स्वतःच्या हाताने लिहायला सांगा. समूहाचा फोटो असेल तर डावीकडून क्रम जागेवरच टिपा. फोटोच्या फाइलमध्येच साठवल्या जाणाऱ्या आयपीटीसी माहितीतही ओळ भरा, नाहीतर फोटो पुढे जातो आणि मजकूर मागेच राहतो.

शेवटी मी फोटो झाकून ओळ वाचते, मग ओळ झाकून फोटो बघते. दोन्ही वेळा तेच कळलं, तर ओळ पुन्हा लिहायला घेते.