बॉरो का लेंड, सिन्स का फॉर? घोळ आपल्या मराठीतच हाय

लातूरला रूम करून परीक्षेची तयारी करायलतो तवा रूममेटला मेसेज टाकला, 'प्लीज बॉरो मी युवर नोट्स', तर तो म्हणे अरे घेणार कोण, तू का मी? लय हसले सगळे. मंग डोक्यात आलं की जिथं मराठीत एकच शब्द अन् इंग्रजीत दोन, तिथंच आपली गाडी फसती. आपलं उसनं घ्यायचंबी उसनंच अन् द्यायचंबी उसनंच. इंग्रजीत घेणं म्हणजे बॉरो, देणं म्हणजे लेंड. शेतकरी बँकेकडून बॉरो करतो, बँक शेतकऱ्याला लेंड करती. म्हणून 'लेंड मी युवर नोट्स' नाहीतर 'कॅन आय बॉरो युवर नोट्स'.

आता 'पासून'. माझे सगळ्यात जास्त मार्क ह्यानंच खाल्ले. कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स, किती काळ झाला ते सांगायचं तर फॉर. मराठवाडा विद्यापीठ 1958 ला सुरू झालं, मंग 'सिन्स 1958'. किल्लारीच्या भूकंपापासून म्हणायचं तर 'सिन्स 1993'. पण तीन दिवसांपासून पाऊस नाही, इथं 'फॉर थ्री डेज'. ओळखायचं कसं, तर 'पासून' काढून 'झाले' टाकून बघा. 'तीन दिवस झाले पाऊस नाही', बसलं ना, मंग फॉर. 'सोमवार झाले पाऊस नाही' असं कुणी बोलतं का? नाही, मंग सिन्स. आणि दोन वर्षांपासून लातूरला राहतो ह्याचं 'आय ॲम लिव्हिंग' करू नका, 'आय हॅव बीन लिव्हिंग इन लातूर फॉर टू इयर्स' असं येतं.

लूजचं तर उलटंच हाय. आपण नट लूज झाला म्हणतो, पण ढिला म्हणजे डबल ओ वाला, त्याचा खरा उच्चार लूस, शेवटी स. हरवणं किंवा हरणं हे एक ओ वालं, त्याचा उच्चार लूझ. ढिल्या पँटीत जागा जास्त म्हणून ओ पण जास्त, एवढं ध्यानात ठेवा.

ॲडव्हाइसमधे सी असला तर सल्ला, एस असला तर सल्ला देणं अन् उच्चारबी झ चा. सल्ले कितीबी असू द्या, 'ॲडव्हायसेस' म्हणायचं नाही, 'सम ॲडव्हाइस' म्हणायचं.

राहिलं स्टेशनरी. वह्या-पेनाच्या स्टेशनरीत ई, एन्व्हलपमधला ई. ए लावला की अर्थ होतो जागेवर थांबलेलं. आमच्या गल्लीतल्या दुकानाच्या पाटीवर ए च हाय, पण मी लहान होतो तवापासून दुकान तिथंच उभं हाय, त्यामुळं चूक तरी कशी काढावी.