रोबोटिक फुफ्फुस शस्त्रक्रिया: नोडचे डबे कसे सांभाळायचे

फुफ्फुसाच्या कॅन्सरची रोबोटिक केस असली की थिएटरमध्ये नव्याने आलेल्या सिस्टर रोबोटच्या हातांकडेच बघत राहतात. मी त्यांना आधी नोडच्या, म्हणजे कॅन्सर पसरलाय का ते तपासायला काढलेल्या लसिकाग्रंथींच्या, डब्यांकडे वळवते. रोबोट आपणहून काही कापत नाही, कन्सोलवरून, म्हणजे त्याच्या नियंत्रण-यंत्रावरून, सर्जन त्याला चालवतात. पण निघालेला नोड कुठला, हे पॅथॉलॉजीला कळतं ते आपल्या चिठ्ठीवरूनच.

केसआधीच चिठ्ठ्या लिहून ठेवा: नाव, नोंदणी क्रमांक, बाजू, स्टेशन (नोडच्या छातीतल्या जागेचा ठरलेला क्रमांक). उजव्या बाजूला साधारण २आर, ४आर, ७, ८, ९. डावीकडे ५, ६, ७, ८, ९. शिवाय फुफ्फुसाच्या मुळाशी १० आणि ११. चिठ्ठी डब्याच्या अंगावर चिकटवा, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात. नुसतं 'उजवीकडचे नोड' लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच: त्याच बाजूच्या १० ते १४ मध्ये कॅन्सर सापडला तर एन१, मेडियास्टिनममध्ये (दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत) सापडला तर एन२. नोडमध्ये कॅन्सर कुठवर पसरलाय त्याचे हे टप्पे, आणि पुढचे उपचार त्यावर ठरतात.

सर्जनचं डोकं कन्सोलमध्ये असतं, तुमचा चेहरा त्यांना दिसत नाही. त्यांनी "सात" म्हटलं की मोठ्याने "स्टेशन सात" म्हणा. सर्क्युलेटिंग सिस्टरने (निर्जंतुक टेबलाबाहेर असणाऱ्या) तेव्हाच लिहायचं. नोड असिस्टंट पोर्टमधून (छातीवरच्या मदतनिसाच्या छिद्रातून) शक्यतो पिशवीत घालूनच बाहेर यावा. ओढताना फुटला तर पेशी वाटेत सांडण्याची भीती असते. बाहेर आला की लगेच डब्यात. गॉजवर ठेवलेला बारीक नोड सुकतो, नाहीतर गॉजबरोबर कचऱ्यात जातो.

स्टेशन सातच्या वेळी गुंडाळलेला गॉज आणि क्लिप हाताशी हव्यात, तिथे ब्राँकियल धमनीच्या फांद्या असतात. स्टेशन पाचजवळ डावी रिकरंट नस असते, ती दुखावली तर आवाज बसतो. तिथे सर्जन करंट (विजेने कापणं-भाजणं) टाळतात, मागतील ते साधन पटकन द्या. छाती उघडायचा ट्रे मोजून तयार असावा, कितीही सोपी केस असो.

फ्रोझनला (केस चालू असतानाच गोठवून होणाऱ्या तपासणीला) जाणारा नोड फॉर्मॅलिनमध्ये नको. क्षयाची शंका असेल तर कल्चरचा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये.

पोर्ट बंद होण्याआधी यादी वाचून दाखवा. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या कॅन्सर आयोगाचा निकष आहे: मेडियास्टिनमची किमान ३ वेगवेगळी स्टेशनं आणि मुळाजवळचं किमान १. कमी भरलं तर तेव्हाच बोला, सर्जन कितीही मोठे असोत. एखाद्या ठिकाणी शोधूनही नोड मिळाला नाही, तर सर्जनना विचारून तसं नोंदवा. रिकामा डबा पाठवू नका.