तंबू आणि गाडी घेऊन गोरिला पाहायला निघताना या चुका टाळा

युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील ब्विंडीच्या जंगलात गोरिला पाहायला जायचे, कंपालाहून भाड्याची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घ्यायची आणि वाटेत तंबूत राहायचे, असा बेत आखणाऱ्या ओळखीच्या मंडळींचे दरवर्षी फोन येतात. पहिला प्रश्न बहुधा कॅमेऱ्याच्या लेन्सविषयी असतो आणि दुसरा, ‘दोन दिवसांत उरकेल ना?’ हा असतो. ज्यांना उरकायचे आहे त्यांनी विमानाने जावे आणि लॉजमध्ये राहावे. हा प्रवास मी तीनदा केला असून पुढे लिहिलेल्या चुकांपैकी पहिली, सर्वांत महागडी चूक माझी स्वतःची आहे.

ब्विंडी हे नकाशावर एकच नाव असले, तरी गोरिला पाहायला आत शिरण्याची ठिकाणे चार आहेत: उत्तरेला बुहोमा, पूर्वेच्या उंचीवर रुहिजा आणि दक्षिणेला रुशागा व न्कुरिंगो. परमिट संपूर्ण जंगलाचे मिळत नाही. ते एका तारखेचे आणि एका ठिकाणचे असते. त्या दिवशी एका गोरिला कुटुंबाला जास्तीत जास्त आठ पर्यटक भेटू शकतात आणि तेही फक्त एक तास. 2023 च्या एप्रिलमध्ये आम्हा चौघांची परमिटे बुहोमाची होती. तळ मात्र मी रुशागाजवळ टाकला होता, कारण तिथली जागा स्वस्त होती, समोर व्हिरुंगा ज्वालामुखींची रांग दिसत होती आणि नकाशावर बुहोमा बोटभर अंतरावर होते. मधे घनदाट जंगल असून रस्ता डोंगरांना वळसे घालत रुहिजावरून जातो, त्याला कोरड्या दिवसांतही तीन-चार तास लागतात, हे मी कोणाला विचारले नाही. पहाटे चारला निघालो. रात्रभर पाऊस पडून गेला होता. रुहिजाच्या पुढे एका वळणावर निलगिरीचे सोट भरलेला ट्रक आडवा झाला होता, त्याची मागची चाके लाल चिखलात आसापर्यंत रुतली होती आणि चालक चाकांखाली फांद्या कोंबत होता. गावकरी, फावडी, दोर आणि आमची गाडी असे सगळे पणाला लावून तो बाजूला निघाला, तेव्हा नऊ वाजले होते. बुहोमाला पोहोचलो पावणेअकराला. सकाळी साडेसातला नोंद आणि आठच्या सुमारास सूचना देऊन तुकड्या जंगलात शिरतात. आमची तुकडी केव्हाच गेली होती. तेथील वनरक्षक अतिशय सभ्यपणे वागला, बसायला खुर्च्या दिल्या, पण परमिट त्या दिवसापुरतेच होते. माणशी 700 डॉलर तेव्हाचा दर होता. 2024 च्या जुलैपासून तो 800 झाला आहे. चौघांचे 2800 डॉलर एका ट्रकने नव्हे, माझ्या आळसाने गेले, असे माझी पत्नी आजही म्हणते आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तेव्हापासून परमिट हातात आले की मी प्रथम त्यावरचे ठिकाण वाचतो, त्याच प्रवेशद्वारापासून चालत जाता येईल अशी तळाची जागा शोधतो आणि तिथे एक संपूर्ण दिवस आधी पोहोचतो. त्या दिवशी मी काहीच करीत नाही. कपडे वाळवतो, चपातीत अंड्याचे ऑम्लेट गुंडाळलेले ‘रोलेक्स’ खातो (भारतीयांनी तिकडे नेलेली चपाती नावासकट युगांडाची झाली आहे) आणि झोपतो. हा दिवस वाया जातो असे मानणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडले आहे.

चालत जाण्याच्या अंतरावर तळ असण्याचे आणखी एक कारण आहे. भाड्याच्या गाड्यांच्या टपावर घडीचा तंबू बसवलेला असतो आणि नवख्यांना त्याचे फार अप्रूप वाटते. तो आवरल्याशिवाय गाडी हलत नाही, ही साधी गोष्ट पावसात पहाटे साडेपाचला टॉर्च दातांत धरून ओले कापड घडी घालताना लक्षात येते. घाईने ओला गुंडाळलेला तंबू संध्याकाळी उघडला की गादी ओली निघते. रुहिजाची उंची 2300 मीटरच्या आसपास आहे आणि विषुववृत्त जवळ आहे म्हणून पातळ चादर आणणारे तिथे रात्रभर कुडकुडतात.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगतो. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्र युगांडात शिरताना लागतेच, शिवाय ते नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. जुन्या छपाईच्या किंवा मळक्या, फाटक्या डॉलरच्या नोटा नेऊ नयेत. भाड्याची गाडी रवांडात न्यायची असल्यास मालकाचे लेखी पत्र आणि सीमेपलीकडे चालणारा विमा आधी मागून घ्यावा, आणि सीमा ओलांडताच वाहने उजव्या बाजूने धावू लागतात हे विसरू नये.

युगांडात वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, म्हणून आपल्याकडच्या चालकांना उगाच आत्मविश्वास येतो आणि ते रात्री गाडी हाणतात. विनादिव्यांचे ट्रक, बोडा-बोडा नावाच्या मोटारसायकली आणि कुठलीही खूण नसलेले गतिरोधक यांच्यामुळे अंधार पडल्यावर मी गाडी चालवत नाही, मग तळ कितीही जवळ असो. झाडावर चढणारे सिंह पाहायला इशाशामार्गे येणाऱ्यांनी पाऊस पडला असल्यास जवळची वाट सोडून द्यावी. ती काळी चिकण माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग चारही चाके फिरली तरी गाडी जागची हलत नाही. गाडी ताब्यात घेताना जॅक दाखवा असे म्हणून थांबू नये, त्याने गाडी उचलून पाहावी.

तंबूत खाण्याचे काही ठेवू नये. लाडू-चिवड्याचे डबे गाडीत, काचा बंद करून ठेवावेत, कारण बबून माकडांना चेनची उघडझाप समजते. नदीकाठी तळ असेल तर रात्री पाणघोडे चरायला वर येतात. त्यांच्या तुडवलेल्या वाटेवर तंबू लावू नये आणि अंधारात लघवीला उठल्यास आधी टॉर्च फिरवून पाहावे.

आता ज्या चुकीचा मला खरोखर राग येतो, ती सांगतो. आजार लपवणे. माणसाची सर्दी गोरिलाला होते आणि ती त्याच्या जिवावर बेतू शकते. 1996 मध्ये ब्विंडीतील एका गोरिला कुटुंबात खरूज पसरली, तिचा माग माणसांच्या कपड्यांपर्यंत गेला आणि एक पिल्लू दगावले. ती साथ हाताळणाऱ्या पशुवैद्यक ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी त्यानंतर माणसांचे आरोग्य आणि गोरिलांचे आरोग्य एकत्र सांभाळण्याचे काम उभे केले. डोंगरी गोरिला जगात हजाराच्या आसपासच आहेत. असे असताना माझ्यासोबत आलेल्या एका मित्राने आदल्या रात्री खोकल्याच्या दोन गोळ्या घेतल्या आणि सकाळी मला हळूच म्हणाला, ‘धुळीचा खोकला आहे रे, मास्क तर लावायचाच आहे.’ रात्रभर शेजारच्या तंबूतून मी तो खोकला ऐकला होता आणि तो धुळीचा नव्हता. त्याने स्वतः सांगावे म्हणून मी दहा मिनिटे थांबलो आणि मग वनरक्षकाला मीच सांगितले. मित्र तळावर राहिला. परतीचे पाचशे किलोमीटर तो माझ्याशी फक्त पेट्रोलविषयी बोलला. पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी दहा मिनिटेही थांबणार नाही.

म्हणून निघण्यापूर्वीचे काही दिवस मी गर्दी टाळतो आणि तळावर सर्वांना रोज एकदा स्पष्ट विचारतो.

जंगलात चालताना बागकामाचे जाड हातमोजे घालावेत, कारण तोल गेल्यावर हात नेमका खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या वनस्पतीवर पडतो. पँट मोज्यांत खोचावी, नाहीतर मुंग्या आत शिरतात. सामान उचलायला गावातला हमाल अवश्य घ्यावा. ‘माझी बॅग मीच उचलेन’ म्हणणारे तरुण दुसऱ्या चढावर त्याचाच हात धरून वर येताना मी पाहिले आहेत. गोरिलापासून दहा मीटर अंतर ठेवायचे असते. तो स्वतः जवळ आला तर वनरक्षक सांगेल तसे मागे सरावे. फ्लॅश चालत नाही. तो कसा बंद करायचा हे आदल्या संध्याकाळी तळावरच पाहून ठेवावे, कारण मिळालेल्या साठ मिनिटांतली पाच मिनिटे मेनूमध्ये बोट फिरवण्यात घालवणारा एक तरी माणूस प्रत्येक तुकडीत असतोच.