गोम्पात (तिबेटी बौद्ध मठात) इंग्रजी शिकवायला काठमांडूला येणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी

नांदेड, लातूर, परभणीकडून लई जण विचारायलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण विमानानं येणार असाल तर पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड पाहिजेच, नुसत्या आधारवर निघू नका. रेल्वेनं यायचं तर मनमाडहून गोरखपूर, तिथून बसनं सोनौली, बॉर्डर ओलांडली की भैरहवा. तिथून लुंबिनी अगदी जवळ, ती न बघता पुढं आलात तर घरची आजी काय म्हणंल ते तुमचं तुम्ही बघा. शंभराच्या नोटा जवळ ठेवा, आपल्या 100 चे इथं 160 होतात.

एजन्सीला हजारो रुपये भरून येऊ नका असं माझं तरी मत आहे. थेट गोम्पाच्या ऑफिसला लिहा, राहणं-जेवण कोणाकडं, रोज किती तास, ते आधीच ठरवून घ्या. आणि पंधरा दिवस येऊन पोरांसोबत फोटो काढून जाणार असाल तर राहू द्या, पोरांना रोज नवा मास्तर नको असतो.

आपण विहारात पालीतून त्रिशरण-पंचशील म्हणत मोठे झालो, इथं पूजा तिबेटीत, ढोल-कर्णे, भिंतीवर उग्र चेहऱ्याचे देव, कुठं कुठं ताटात मांससुद्धा. हे कसलं बौद्ध, असं तोंडावर बोलू नका, लगेच वाद घालायची आपल्याला लई हौस असते. स्तूपाला उजवीकडं ठेवून फिरायचं, पोथी जमिनीवर ठेवायची नाही, एवढं सांभाळलं की बाकी ते सांभाळून घेतात.

आता वर्ग. पोरं बहुतेक हिमालयाकडच्या गावांतली, नेपाळी येतं, सिनेमे बघून बघून हिंदीही समजतं, म्हणून आपली जीभ सारखी हिंदीकडं घसरते, ती आवरा, नाहीतर इंग्रजी बाजूलाच राहतं. पोथ्या पाठ करायची सवय असल्यामुळं धडा एका दमात ओरडून म्हणतात, पण एकट्याला उभं करून विचारलं की खाली मान. जिथं वादविवाद शिकवतात तिथं मी तीच पद्धत वापरतो, एक जण बसतो, दुसरा उभा राहून टाळी वाजवत, पाय आपटत इंग्रजीत प्रश्न विचारतो, "व्हेअर इज युवर व्हिलेज?", आणि बसलेल्याला उत्तर द्यावंच लागतं. लाजरी पोरंसुद्धा तेव्हा खुलतात. आपण स्वतः झेडपीच्या शाळेत धडपडत इंग्रजी शिकलोय ना, पोरगं कुठं अडतं ते गोऱ्या व्हॉलंटियरपेक्षा आपल्याला लवकर कळतं, फाडफाड बोलता येत नाही म्हणून लाजू नका.

पोरांना पैसे, मोबाईल देऊ नका, वह्या-पेन्सिली ऑफिसमध्ये द्या. तिबेटी तिथीनुसार दहावी-पंचविसावीला मोठी पूजा असली की वर्ग नसतो, चिडून उपयोग नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याजवळ जातो, खोलीत हीटर नसतो, तर जाड रजई आणि शेंगदाण्याची चटणी आणा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला लोसार, म्हणजे तिबेटी नवीन वर्ष, येतो, तेव्हा शाळा बंद, तारीख बघूनच तिकीट काढा.