बुसानच्या पावसाळ्यात मॅटखालची बुरशी

दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये मी मुलांना तायक्वांदो शिकवतो. आमचा दोजांग, म्हणजे सरावाचा हॉल, तळघरात आहे. जूनअखेरीस ‘जांगमा’, म्हणजे इथला पावसाळा सुरू होतो आणि जवळजवळ महिनाभर हवा ओलसर राहते. गेल्या वर्षी पोरं किक मारताना घसरायला लागली, कुबट वास यायला लागला. कोपऱ्यातली मॅट उचलली, तर खाली काळी बुरशी आणि काँक्रीटवर पाण्याचे थेंब.

खिडक्या उघडून काही होत नाही. दमट हवा गार जमिनीला लागली की तिथेच पाणी सुटतं. म्हणून खिडक्या बंद केल्या, रात्रभर डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) लावला, त्याची नळी थेट मोरीत सोडली. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आली. आता शनिवारी क्लास सुटला की मोठी मुलं मॅट सुट्या करून भिंतीला उभ्या लावतात, मी फरशी पुसून पंखा सोडतो. बुरशी आत मुरलेल्या मॅट टाकूनच दिल्या. मुलांच्या श्वासाचा प्रश्न आहे, तिथे काटकसर नको.

दोबोक, म्हणजे तायक्वांदोचे कपडे, वाळत नव्हते, त्यावर शेजारच्या आजींनी उपाय सांगितला: भर जुलैतही थोडा वेळ ओंदोल, म्हणजे जमिनीखालचं हीटिंग, चालू करायचं. कपडे छान कोरडे होतात. रंगीत पट्टे तेवढे वेगळे वाळत घाला, पांढऱ्या दोबोकला रंग लागतो.